सात गाद्यांचा गरीब

"उमेदवाराच्या घरी गाद्या सात, लोड चार, तक्के दोन."

नानासाहेबांनी वाक्य वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"दिनकर, माझ्या घरी गाद्या किती आहेत ठाऊक आहे? पाच. आणि मी वकील आहे."

मी कागद ओढून घेतला. ट्रस्टचे चौकशी-कारकून दामोदरपंत यांचा रिपोर्ट होता. अक्षर मोत्यासारखं, प्रत्येक कलमाला आकडा. गाद्यांच्या खाली लिहिलं होतं: दुभती म्हैस एक. भिंतीवरचं घड्याळ एक, चालू. वेताची खुर्ची एक. पितळी भांडी अकरा, चकचकीत. उमेदवाराचा बाप जरीच्या फेट्यात. आणि सर्वांत शेवटी: 'कुटुंबाची स्थिती सुखवस्तू दिसते. स्कॉलरशिप देण्यास कारण दिसत नाही.'

उमेदवार होता सायखेड्याच्या हुसेन पिंजाऱ्याचा मुलगा करीम. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून लोकांच्या गाद्या-रजया भरून देणारा. त्याचं घर मी आठच दिवसांपूर्वी पाहिलं होतं. एक खोली, मागं पडवी, पुढं अंगण. त्या खोलीत कापसाच्या धुळीखेरीज मोजण्यासारखं काही नव्हतं.

"लाच!" मी ओरडलो. "उघड उघड लाच! दुसऱ्या कुठल्या तरी उमेदवारानं या म्हाताऱ्याचे हात ओले केलेत. आजच पत्रक काढतो. 'ट्रस्टींनो, डोळे उघडा!'"

"बस खाली," नानासाहेब म्हणाले. "दामोदरपंतांनी उभा जन्म मामलेदार कचेरीत काढला. दुसऱ्याच्या डबीतली चिमूटभर तपकीरसुद्धा ओढली नाही. तो माणूस खोटं लिहीत नाही."

"मग या गाद्या आल्या कुठून?"

"ते सायखेड्याला जाऊन विचार. पत्रक नंतर."

माझी नोकरी काय होती ते इथं सांगायला हवं. नाशकात मेन रोडला एका छापखान्याच्या माडीवर आमच्या मंडळाची खोली होती. नानासाहेब अध्यक्ष, मी पगारी चिटणीस. त्याआधी मी त्याच छापखान्यातून पत्रकं काढत असे. त्यांतलं एक सरकारला झोंबलं आणि मी चार महिने आत जाऊन आलो. माझा खटला नानासाहेबांनी चालवला होता. तो हरल्याची भरपाई म्हणून त्यांनी मला ही नोकरी दिली असावी, असा मला संशय आहे.

काम एकच. मॅट्रिक झालेल्या गरीब मुलांना कॉलेजसाठी फ्रीशिप किंवा स्कॉलरशिप शोधून द्यायची आणि अर्ज भरून द्यायचा. फ्रीशिप म्हणजे फी माफ. स्कॉलरशिप म्हणजे त्यावर दरमहा हातात काहीतरी. फ्रीशिपवर पोरगं वर्गात बसतं, स्कॉलरशिपवर जेवतं. एक मिळून दुसरी न मिळाली तर ते उपाशी बसतं किंवा जेवून घरी राहतं.

लोकांना वाटतं, कुठंतरी यादी असेल, तीत बघितलं की झालं. यादी कुठंही नाही. एक स्कॉलरशिप सरकारी गॅझेटाच्या मागच्या पानावर असते, एक कुणाच्या मृत्युपत्रात, एक धर्मशाळेच्या भिंतीवरच्या दगडात. आणि प्रत्येकीला दात्याची लहर चिकटलेली. एका दात्याची अट होती, उमेदवार चहा पिणारा नसावा. दुसऱ्याला आपल्या आजोळच्याच गोत्रातला मुलगा हवा होता, तोही इंजिनियरिंगलाच गेलेला. असा मुलगा अजून जन्माला यायचा होता. तोवर रक्कम बँकेत पोसली जात होती. यावर मी एक पत्रक काढलं. नानासाहेबांनी ते आपल्या खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं.

करीमसाठी मी शोधलेला ट्रस्ट त्यातल्या त्यात शहाणा होता. एका दिवंगत शेटजींनी कसबी लोकांच्या मुलांसाठी ठेवलेला. सुतार, लोहार, कोष्टी, पिंजारी, कुणीही. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. फक्त दोन अटी. एक, गरिबीचा दाखला. म्हणजे हा माणूस गरीब आहे असं मामलेदाराच्या सहीनं लिहिलेला कागद. हा मिळवायला गरिबानं कचेरीत इतके हेलपाटे घालायचे की दाखला मिळेपर्यंत तो खरोखरच गरीब झालेला असतो. तो आम्ही मिळवला होता. दुसरी अट शेटजींच्या हाताची: 'घर डोळ्यांनी पाहून खात्री करावी.'

डोळे दामोदरपंतांचे होते, आणि त्यांनी सात गाद्या पाहिल्या होत्या.

वार होता बुधवार. सोमवारी बारा वाजेपर्यंत कॉलेजात नाव नोंदवून फी भरायची होती. आणि त्याच सोमवारी सकाळी मनमाडला करीमच्या मामानं त्याच्यासाठी रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशाची जागा धरून ठेवली होती. मामाचं म्हणणं साफ होतं, "जागा एक दिवस थांबते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा भाचा उभा राहतो." म्हणजे ट्रस्टचा होकार आला तर करीम सोमवारी गणिताच्या वर्गात, नाहीतर फडकं घेऊन इंजिनाखाली. त्या मुलाला गणितात शाळेत कुणी गाठू शकलं नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात बापानं कापसाचा ढीग घातला की तो नुसत्या नजरेनं सांगायचा, यात दीड गादी होईल आणि वर एक उशी.

सर्व्हिस मोटारीनं चांदोरीला उतरलो. सायखेडा नदीच्या पलीकडे. पाऊस लांबला होता, पाणी पोटरीइतकं. धोतर वर धरून गोदावरी ओलांडली आणि पिंजाऱ्याच्या दारात उभा राहिलो.

घर होतं तसंच. रिकामं. मध्ये धनुकली टांगलेली, म्हणजे कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य. तिच्याखाली हुसेनभाई बसलेले, भुवयांपर्यंत कापूस.

"या भाऊ, या! साहेब लय खूश होऊन गेले!"

"कोण साहेब?"

"ते दामोदरपंत. उठतानी म्हनले, 'वा, छान व्यवस्था आहे.' वहीत लिवून बी घेतलं. आता आमच्या करीमचं काम झालं म्हना."

मी रिकाम्या खोलीकडे बोट केलं. "हुसेनभाई, त्या सात गाद्या कुठल्या?"

"गिऱ्हाइकाच्या. लग्नाच्या व्हत्या. काल गेल्या."

"म्हैस?"

"तात्या पाटलाची."

"आणि फेटा?"

"त्यो बी पाटलाचाच. लय जड हाय वो. मान दुखती अजून."

मी जे ऐकलं ते असं. ट्रस्टाकडून पोस्टकार्ड आलं की अमुक दिवशी आमचे कारकून येतील. पोस्टमननं ते चावडीवर वाचलं, कारण पोस्टकार्ड हे सगळ्या गावासाठी असतं अशी तिथली समजूत आहे. नाशकाचा साहेब पिंजाऱ्याच्या घरी येणार! गावाची लाज राखायला हवी. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही ठरवलं नाही. ज्याच्या घरात जे बरं होतं ते उचलून त्यानं पिंजाऱ्याकडे आणून ठेवलं. वैद्यबुवांनी वेताची खुर्ची दिली. त्या दिवशी रोगी उभ्यानं तपासले. शाळामास्तरांनी शाळेचं घड्याळ काढून दिलं. घड्याळ नसल्यामुळे शाळा अंदाजानं सुटली, आणि अंदाज मुलांचा होता.

म्हशीचं प्रकरण त्याहून वरचं. दामोदरपंत सोवळे. पिंजाऱ्याच्या घरचं शिजवलेलं चालणार नाही, पाणी चालणार नाही. पण दारी आलेल्या माणसाला सुकं कसं पाठवायचं? पाटलीणबाईंनी तोड काढली. दूध चालतं. पण ते पाण्याशिवायचं आहे, हे पाहुण्याला कसं कळणार? डोळ्यांदेखत काढलं तर! म्हणून म्हैसच अंगणात आणून बांधली, पाटलाच्या गड्यानं पाटलाच्या चरवीत धार काढली, आणि दामोदरपंतांनी पेलाभर धारोष्ण दूध पिऊन 'दुभती म्हैस एक' असं लिहून घेतलं. शिवाशिवीवर माझं एक स्वतंत्र पत्रक आहे. पण एका माणसाच्या सोवळ्यापायी दुसऱ्याच्या नावावर म्हैस चढते, हे कलम त्यात नव्हतं.

"अहो, पण हे केलंत कशासाठी?" मी कपाळाला हात लावला. "ते तुमची गरिबी बघायला आले होते!"

हुसेनभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडा.

"तुमीच बोल्लात न्हवं भाऊ? चावडीवर उभं राहून? 'अर्ज करा पन भिकाऱ्यावानी नको. अधिकारी दारात आला तरी मान खाली घालू नका.' आता तुमीच सांगा, उघड्या घरात मान वर कशी करायची? म्हनून घर भरलं."

मी बोललो होतो. तासभर बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या.

करीम दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे वळलो. "तू तरी सांगायचंस!"

"सांगणार होतो."

"मग?"

त्यानं बाही वर केली. दंडावर काळानिळा डाग.

"अम्मीनं चिमटा काढला."

आतून अमीनाबी म्हणाल्या, "क्या करती मैं? भरल्या घरात पोरगा बोलायला लागला, 'ये हमारा नहीं, वो हमारा नहीं'. पावन्याला काय वाटलं असतं?"

उपाय सोपा होता. ज्याची वस्तू, त्यानं तसं लिहून द्यायचं. चार कागद, चार सह्या, शुक्रवारी ट्रस्टींपुढे ठेवले की काम फत्ते. मी तात्या पाटलांकडे गेलो. म्हैस त्यांच्याच दावणीला होती आणि माझ्याकडे बघत रवंथ करत होती.

"म्हस माझी? कोन म्हनतं?" पाटील म्हणाले.

"तात्या, ही काय बांधलीय!"

"आज बांधलीय. त्या दिशी हुसेनच्या दारात व्हती, तवा हुसेनची. पावन्याम्होरं दिलेली वस्त मागनं कागदावर 'माझी' म्हनायची? नाय बसत आमच्या घरान्यात."

"अहो, त्या पोराचं कॉलेज जाईल!"

"पोरासाठीच तर दिली म्हस! आता काढून घेऊ व्हय?"

मी पाटलांपुढे हक्क, न्याय, शिक्षण आणि उद्याची पिढी या विषयांवर बोललो. पाटील म्हणाले, "लय चांगलं बोलता तुमी," आणि मला दूध पाजलं. त्याच म्हशीचं.

मास्तरांकडे गेलो. ते घाबरले. घड्याळ लोकल बोर्डाचं. ते शाळेबाहेर गेलं असं कागदावर आलं तर घड्याळ राहील आणि मास्तर जाईल. वैद्यबुवा म्हणाले, सही करतो, पण 'खुर्ची कायमची दिली' अशा कागदावर. निदान गाद्यांचं गिऱ्हाईक तरी सांगा म्हणून हुसेनभाईंपाशी परत आलो. ते पहिल्यांदाच चिडले.

"नवरा-नवरीच्या गादीवर परका मानूस बसून गेला हे लिवून देऊ? मग या पंचक्रोशीत मला गादी कोन भरायला देईल?"

बरोबर होतं. गणितच तसं होतं. पोराला कॉलेजात घालायचं तर बापाचा धंदा बसवायचा.

नाशकात परतलो आणि नानासाहेबांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की खालून छापखान्याचा फोरमन वर बघायला आला.

"म्हणजे साऱ्या गावाला खरं ठाऊक आहे आणि एकही साक्षीदार नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "कोर्टात माझं रोज हेच होतं."

शुक्रवारी ट्रस्टची मीटिंग. ट्रस्टी तिघं. दोघं वयानं इतके मोठे की मीटिंग सुरू झाली तशी त्यांची झोपही सुरू झाली. कारभार पाहत त्या शेटजींच्या विधवा पत्नी, जमनाबाई. पांढरं लुगडं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोजकं. दामोदरपंत बाजूला वही घेऊन ताठ बसलेले.

मी उभा राहिलो. नानासाहेबांनी बजावलं होतं, पाच मिनिटं, आणि 'भांडवलशाही' हा शब्द नको. मी चार मिनिटं तग धरली.

"बाई, हा रिपोर्ट खोटा आहे!"

दामोदरपंत शांतपणे म्हणाले, "मी त्या गादीवर बसलो होतो."

"गादी दुसऱ्याची होती!"

"त्या म्हशीचं दूध प्यालो."

"म्हैसही दुसऱ्याची!"

"तसा कागद आहे?"

"नाही."

"साक्षीदार?"

"नाही. म्हणजे सगळं गाव आहे, पण ते बोलत नाही."

"मी कानांवर विश्वास ठेवत नाही, तरुण गृहस्थ. मी डोळ्यांवर ठेवतो. ट्रस्ट-डीडमध्येही तसंच लिहिलेलं आहे."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. "मग तेच डोळे घेऊन पुन्हा जा! न कळवता जा! पोस्टकार्ड न टाकता!"

झोपलेल्या ट्रस्टींपैकी एकानं "मंजूर" म्हटलं आणि कूस बदलली.

जमनाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा कमरेवर सारखा केला. "उद्या सकाळी जाऊ. मी पण येते. दामोदरपंत, वही घ्या. आणि तुम्ही," त्या माझ्याकडे वळल्या, "तुम्ही आमच्याबरोबरच यायचं. आधी नाही, मागाहून नाही."

जिन्यात नानासाहेबांनी माझा दंड धरला. "सायखेड्याला निरोप धाडलास तर राजीनामा तयार आहे."

"तुम्ही कशाला राजीनामा देता?"

"माझा नव्हे, तुझा. मीच लिहून ठेवलाय."

त्या संध्याकाळी मला मोह झाला हे कबूल करतो. ओझरचा एक ओळखीचा टांगेवाला त्याच बाजूला निघाला होता. 'घर रिकामं ठेवा', तीन शब्द पुरे होते. नाही सांगितले. न कळवता जा अशी मागणी मीच केली होती. आपल्याच मागणीला आपणच सुरुंग लावणारे पुढारी मी जवळून पाहिलेले आहेत.

शनिवारी सकाळी ट्रस्टच्या मोटारीनं चांदोरी. नदीशी जमनाबाईंनी लुगड्याचा काठ सावरला आणि सरळ पाण्यात शिरल्या. मागून छत्री धरून दामोदरपंत, त्यांच्या मागं मी.

नदीच्या मधोमध होतो तेव्हा पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या एका बाईनं मान वर केली. छत्री पाहिली, काळा कोट पाहिला, पांढरं लुगडं पाहिलं. धुणं दगडावर टाकून ती पळत सुटली.

मला कळलं, पोस्टकार्डाची गरजच नव्हती. नदीच्या या काठाला छत्री दिसली की त्या काठाला घर सजायला लागतं.

चढण चढून गावात शिरेपर्यंत दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी काय काय पाहिलं! एक खाट बोळातून आपली आपण चालत गेली, खाली फक्त दोन पाय. एक बाई डोक्यावर हंडा आणि हंड्यात चार तांबे घेऊन धावली. आडव्या रस्त्यानं एक गाय खेचली जात होती आणि ती यायला तयार नव्हती. मी जमनाबाईंकडे चोरून पाहिलं. त्या समोर बघत होत्या. दामोदरपंत पायाखाली बघत होते, कारण कोरडी जागा शोधत होते. संपलं, मी मनात म्हटलं. करीम चालला मनमाडला.

दारात हुसेनभाई उभे. घामानं चिंब, अंगावर कुणाचा तरी कोट. बाह्या बोटांच्याही खाली.

"या बाईसाहेब! या पंत! आपलंच घर समजा!"

आत गाद्या नव्हत्या. त्या जागी खाट, खाटेवर सतरंजी. वेताची खुर्ची नव्हती, एक बाक होतं. अंगणात गाय. दामोदरपंत बाकावर बसले आणि त्यांनी जुन्या रिपोर्टाची नक्कल काढून मांडीवर पसरली. पेन्सिलीला थुंकी लावली.

"म्हैस?"

"चरायला गेली."

"ही गाय कोणाची?"

"आपलीच."

"मागच्या खेपेस नव्हती. केव्हा घेतली?"

"आज."

"आज केव्हा?"

हुसेनभाईंनी थोडा विचार केला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला प्रत्येक खोटं नव्यानं करावं लागतं. "आत्ताच," ते म्हणाले.

"गाद्या?"

"उन्हात टाकल्यात."

दामोदरपंत उठून अंगणात गेले. ऊन होतं, गाद्या नव्हत्या. परत येऊन बसले. "घड्याळ?"

हुसेनभाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर खिळा होता. ते खिळ्याकडे बघत राहिले, पंतही बघत राहिले. तेवढ्यात मागच्या पडवीत धप् असा आवाज झाला आणि घड्याळाचे टोले पडू लागले. एक, दोन, तीन. टोले भिंतीतून नव्हे, माणसातून येत होते. मागचं कुसू ओलांडून शाळामास्तर आत उतरले होते. घड्याळ काखेत, दुसऱ्या हातानं ते त्याचं तोंड दाबत होते. घड्याळ मोकळ्या मनानं दहापर्यंत गेलं.

मास्तरांनी नमस्कार करायचा म्हणून हात जोडायचा प्रयत्न केला. मग घड्याळ पडेल म्हणून सोडून दिला.

दामोदरपंत जवळ गेले. घड्याळ उलटं करून पाहिलं. मागं पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, लोकल बोर्ड मराठी शाळा.

"हे शाळेचं घड्याळ आहे."

"होय," मास्तर म्हणाले. "दुरुस्तीला आणलं."

"पिंजाऱ्याकडे?"

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. "आवाज फार करतं. आत थोडा कापूस भरून घ्यावा म्हटलं."

मी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. पंतांच्या मिशीचं एक टोक हललं, मग स्थिर झालं. जन्मभराच्या नोकरीत ते तेवढंच हललं असेल.

इकडे जमनाबाई कुणाला न विचारता आत अमीनाबींकडे गेल्या होत्या. पुरुष वस्तू मोजतात, बाई चूल बघते. पाच मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन तांबे होते.

"दामोदरपंत, लिहा. चुलीजवळ तवा एक, पातेलं एक, पिठाचा डबा तळाला गेलेला. ही बाकीची भांडी मी वाचली. चार भांड्यांवर चार बायांची नावं कोरलेली आहेत. पार्वती, सखू, गंगा आणि आणखी कोण ती. इतक्या सवती एका घरात नांदत नाहीत."

बाहेर अंगणात तोपर्यंत गाव जमलं होतं. पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. ही भांडी घरी गेल्यावर विटाळ जावा म्हणून त्या ती विस्तवातून काढून घेणार होत्या. मी तेही पूर्वी पाहिलं होतं आणि त्यावर त्यांच्याशी भांडलोही होतो. पण द्यायची वेळ आली तेव्हा हंड्यासकट पहिल्या धावल्या त्याच.

जमनाबाई हुसेनभाईंना म्हणाल्या, "भाई, रागावू नका. या घरात तुमची स्वतःची वस्तू कोणती, तेवढी दाखवा."

हुसेनभाईंनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी मान फिरवली. मग हुसेनभाईंनी तो कोट काढला, घडी केली, खाटेवर ठेवला आणि धनुकलीला हात लावला.

"ही माझी. बापाची व्हती. आनि ह्यो पोरगा."

"मुलगा यादीत धरता येत नाही," दामोदरपंत म्हणाले. पण त्यांनी लिहिणं थांबवलं होतं.

मी पुढं झालो. बोलायला तोंड उघडलं. जमनाबाई म्हणाल्या, "तुम्ही नको." मी मिटलं.

पंतांनी जुनी यादी आणि नवी यादी शेजारी शेजारी धरली. आणि मग मोठ्यानं, कोर्टात निकाल वाचावा तसं, वाचलं:

"मागील यादीतील गाद्या, लोड, तक्के, म्हैस, खुर्ची, फेटा आज नाहीत. आजची खाट, बाक, गाय, कोट तेव्हा नव्हते. दोन्ही यादींत असलेल्या वस्तू दोन, भांडी आणि घड्याळ. भांड्यांवर दुसऱ्यांची नावं आहेत. घड्याळ मास्तरांच्या काखेत मी स्वतः पाहिलं. आठवड्याभरात घरातली सगळी मालमत्ता बदलणं श्रीमंतालाही परवडत नाही. तस्मात् उमेदवाराचा बाप निर्धन आहे याबद्दल माझी डोळ्यांनी खात्री झाली."

मग वही मिटून ते म्हणाले, "आधीच्या रिपोर्टात मी जे पाहिलं तेच लिहिलं होतं. हेही नोंदवून ठेवतो."

बाहेर पाटील ओरडले, "मग म्हस आनू का परत? पंतांना दूध?"

"आणा," दामोदरपंत म्हणाले. "पण या वेळी ती तुमच्या नावानं पिईन."

जमनाबाईंनी तिथंच बाकावर बसून मंजुरीवर सही केली. उरलेल्या दोन ट्रस्टींनी रविवारी आपापल्या घरी केल्या. एकानं विचारलं म्हणे, हे तर शुक्रवारीच झालं ना?

सोमवारी अकराला मी करीमला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेलो. क्लार्कनं ट्रस्टची चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, फी भरून घेतली, नाव लिहिलं. करीमनं रांगेत उभ्या उभ्या आमच्यापुढचे किती आणि प्रत्येकाला किती मिनिटं याचा हिशेब घातला होता. पावणेबाराला खिडकीशी पोचू, म्हणाला. पोचलो. तिकडे मनमाडला मामानं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि ती जागा आपल्या साडूच्या मुलाला दिली. तो मुलगा पुढं फायरमन झाला. तोही सुखात आहे.

ट्रस्टनं त्या वर्षापासून छापील अर्जात एक नवा रकाना घातला. जमनाबाईंची सूचना, शब्द दामोदरपंतांचे: 'चौकशीच्या वेळी घरात दिसणाऱ्या वस्तूंपैकी शेजाऱ्यांच्या किती?' मला तो फार पटला. आता फसवणूक नाही, गैरसमज नाही, गरीब माणूस एका ओळीत खरं लिहून मोकळा होईल. तो फॉर्म घेऊन मी जिल्हाभर हिंडलो. नामपूरच्या शिंप्यापासून ओझरच्या लोहारापर्यंत माझ्या हातानं अर्ज भरले. उसन्या घोंगडीवर मला बसवून, उसन्या पेल्यात चहा देऊन, प्रत्येक बापानं त्या रकान्यात एकच उत्तर लिहायला सांगितलं: 'एकही नाही.'

गरिबीचा दाखला मामलेदाराकडून मिळतो. गरिबाकडून कधीच मिळत नाही.